काळ सोकावतो

गेल्या पावसाळ्यात दहावीची दोन मुले माझ्या खोलीत आणून उभी करण्यात आली. एकाच्या सदऱ्याची बाही उसवलेली, दुसऱ्याच्या ओठाला रक्त. भांडणाचे कारण काय, तर एकाने बाकावर ४६ हा आकडा कोरला होता आणि दुसऱ्याने तो खोडून शेजारी ९३ कोरला होता. आकडा म्हटल्यावर या सीमाभागातल्या कोणाही मुख्याध्यापकाच्या मनात जे येईल, तेच माझ्याही मनात आले. मी दरडावून विचारले, "मटका लावता काय रे?" दोघेही रागातसुद्धा हसले. मग त्यांनीच मला शिकवले, की ४६ म्हणजे इटलीचा व्हॅलेंतिनो रॉसी आणि ९३ म्हणजे स्पेनचा मार्क मार्केझ. दोघेही मोटरसायकल शर्यतींचे जगज्जेते. ज्या शर्यतीवरून माझ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांचे कपडे फाडले, ती २५ ऑक्टोबर २०१५ रोजी मलेशियात सेपांग येथे झाली. त्या वेळी ही दोन्ही मुले अंगणवाडीत होती!

"लाथ मारली सर त्यानं मार्केझला, सरळ लाथ!" ९३ वाला म्हणाला.

"मार्केझ मुद्दाम अडवत होता, म्हणून ढकललं," ४६ वाला म्हणाला, आणि खांदे उडवून पुढे बोलला, "रेस म्हटल्यावर एवढं चालतंयच की, सर."

हा लेख त्या 'चालतंयच की'विरुद्ध आहे.

मराठीच्या एम. ए. माणसाने या विषयात नाक का खुपसावे, असे काही वाचकांना वाटेल. मोटरसायकलवर माझा मुळीच राग नाही. नोकरीची पहिली बारा वर्षे मी येझदीवर बसून शाळेत गेलो आहे. पण गेले काही महिने मी या शर्यती रीतसर पाहिल्या, जुन्या शर्यतींचे निकाल आणि पंचांचे निर्णय वाचले, आणि माझी खात्री झाली की हा प्रश्न मोटरसायकलचा नाहीच. नियम कोणासाठी असतो, हा तो प्रश्न आहे. आणि तो सोडवण्याचा पगार मी महिन्याच्या महिन्याला घेतो.

आधी हकीकत. २०१५ चा मोसम संपायला दोन शर्यती उरल्या होत्या. छत्तीस वर्षांचा रॉसी गुणतक्त्यात पहिला होता. त्याच्याच यामाहा संघातला होर्हे लोरेन्झो ११ गुणांनी मागे होता. होंडाचा मार्केझ अजिंक्यपदाच्या हिशेबातून बाहेर पडला होता. सेपांगच्या शर्यतीआधी गुरुवारी पत्रकारांपुढे रॉसीने उघड आरोप केला, की आदल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियात मार्केझने मला जाणूनबुजून रेंगाळवले आणि लोरेन्झोला मदत केली. गंमत अशी, की ऑस्ट्रेलियाची ती शर्यत शेवटच्या फेरीत लोरेन्झोला मागे टाकून मार्केझनेच जिंकली होती. पण एकदा मनात किल्मिष शिरले, की माणूस हिशेब विसरतो.

रविवारी दोघे तिसऱ्या क्रमांकासाठी भिडले. एकदा हा पुढे, एकदा तो. सातव्या फेरीत, चौदाव्या वळणावर, आतल्या बाजूने शिरलेल्या रॉसीने वळण घेतलेच नाही. तो मार्केझला बाहेर बाहेर रेटत गेला, वेग कमी केला, मान वळवून त्याच्याकडे पाहिले. दोघांचा स्पर्श झाला आणि मार्केझ खाली गेला. रॉसी तसाच पुढे निघून तिसरा आला आणि १६ गुण घेऊन घरी गेला.

पंच काय म्हणाले? त्यांनी मान्य केले, की मार्केझ रॉसीच्या गतीत मुद्दाम अडथळा आणत होता. पण त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. रॉसी मात्र हेतुपुरस्सर बाहेर गेला, म्हणून त्याला तीन दंडगुण. त्या काळी दंडगुणांची एक चोपडी असे. चार गुण साठले की पुढच्या शर्यतीत सर्वांत मागून सुरुवात, सात झाले की पिट लेनमधून, दहा झाले की एका शर्यतीला बंदी. रॉसीच्या नावावर सप्टेंबरात मिसानोला लोरेन्झोच्या वाटेत रेंगाळल्याबद्दल एक गुण आधीच होता. तीन अधिक एक चार. त्याने दाद मागितली, ती फेटाळली गेली. लोझानच्या क्रीडा लवादाने स्थगिती नाकारली. ८ नोव्हेंबरला व्हॅलेन्सियात तो सव्विसाव्या, म्हणजे शेवटच्या जागेवरून निघाला आणि चौथा आला. लोरेन्झो पहिला आला आणि ३३० विरुद्ध ३२५ अशा पाच गुणांनी जगज्जेता झाला. मार्केझ त्या दिवशी शेवटपर्यंत लोरेन्झोच्या मागे दुसरा राहिला. झाले! रॉसीच्या भक्तांना हवा होता तो पुरावा मिळाला आणि पुढे कित्येक शर्यतींत इटलीतल्या प्रेक्षकांनी मार्केझवर शिट्ट्यांचा पाऊस पाडला.

आता माझा पहिला आक्षेप. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. मिसानोचा तो एक गुण नसता, तर सेपांगच्या तीन गुणांनी काय झाले असते? काहीही नाही! प्रतिस्पर्ध्याला रेटून पाडले, एवढ्या गोष्टीची शिक्षा पुढच्या शर्यतीत शून्य. याला शिक्षा म्हणायचे की प्रगतिपुस्तकावरचा शेरा? गुन्हा भर दुपारी, लाखो डोळ्यांदेखत झाला. शिक्षा शर्यतीनंतर खोलीत बसून ठरली आणि दोन आठवड्यांनी दुसऱ्या देशात भोगली गेली. त्याच वेळी त्याला पिट लेनमधून जायला लावले असते, तर तो दहा-पंधरा जागा मागे पडला असता आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटले असते. शिळी शिक्षा शिळ्या अन्नासारखी असते. ती देणाऱ्यालाही लागते आणि खाणाऱ्यालाही.

मार्केझ साव होता असे मला म्हणायचे नाही. गदायुद्धाचा प्रसंग आठवावा. नाभीच्या खाली प्रहार करायचा नाही, हा गदेचा नियम. भीमाने मांडी फोडली. दुर्योधन काय निष्पाप होता? भर सभेत द्रौपदीला मांडी दाखवणारा तोच. भीमाच्या बाजूला प्रतिज्ञा होती, वर्षानुवर्षांचा अपमान होता, प्रत्यक्ष कृष्णाचे पाठबळ होते. तरीही एक माणूस नांगर उचलून उठला. बलराम दोघांचाही गुरू. दुर्योधन सज्जन आहे असे तो म्हणाला नाही. नियम मोडला, एवढेच म्हणाला, आणि समजूत पटली नाही तेव्हा रागाने द्वारकेला निघून गेला. आपल्याला भीम आठवतो, कृष्ण आठवतो. बलराम कोणाला आठवत नाही. पंचाची जागा ही अशीच. टाळ्या कोणत्याही बाजूने नाहीत.

मोटरसायकलच्या शर्यतीत असे बलराम वेळेवर उठले नाहीत, हा माझा दुसरा आणि मुख्य आक्षेप.

१० एप्रिल २००५. स्पेनमधले हेरेझ. शेवटच्या फेरीचे शेवटचे वळण. पुढे असलेल्या सेटे जिबर्नाऊच्या आतल्या बाजूने रॉसी घुसला, धडक झाली, जिबर्नाऊ वाळूत गेला, रॉसी जिंकला. शिक्षा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जपानमधल्या मोतेगीला अडीचशे सीसीच्या वर्गात एका अठरा वर्षांच्या मुलाची अ‍ॅलेक्स दे अँजेलिसशी टक्कर झाली. त्या मुलाला पुढच्या शर्यतीला बंदी. तो मुलगा म्हणजे होर्हे लोरेन्झो! एकाच वर्षातल्या दोन धडका. राजाला मुभा, राजपुत्राला छडी. दोन्ही घटना तंतोतंत सारख्या नव्हत्या, हे मी जाणतो. पण दोहोंतला फरक वळणाचा होता की नावाचा, हे विचारायला नको काय?

२००८ च्या जुलैत अमेरिकेतल्या लागुना सेका येथे, कॉर्कस्क्रू नावाच्या उतरत्या वळणावर, केसी स्टोनरला मागे टाकताना रॉसी रस्ता सोडून मातीतून गेला आणि पुढेच राहिला. शिक्षा नाही. उलट तो प्रसंग दंतकथा झाला. जून २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या आसेनला शेवटच्या वळणावर मार्केझचा धक्का लागून रॉसी वाळूतून सरळ गेला आणि जिंकला. पंचांनी कोणालाच हात लावला नाही. सेपांग त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी.

आपल्याकडे म्हणतात, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. हेरेझला जिबर्नाऊ दुसरा आला, म्हातारी मेलीसुद्धा नाही. पण काळ तिथे सोकावला.

तो फक्त रॉसीच्या दारात सोकावला असे ९३ वाल्यांनी समजू नये. मार्केझला २०१२ साली व्हॅलेन्सियात, सरावात दुसऱ्याला पाडल्याबद्दल मधल्या वर्गाच्या शर्यतीत तेहतिसाव्या जागेवर ढकलले होते. तिथून तो जिंकला. लोकांच्या स्मरणात काय राहिले? शिक्षा नव्हे, तर शिक्षेवर केलेली मात! ८ एप्रिल २०१८ रोजी अर्जेंटिनात त्याच मार्केझचे यंत्र सुरुवातीच्या रेषेवर बंद पडले. ते सुरू करून तो उलट दिशेने आपल्या जागेवर आला, त्याची शिक्षा भोगली, मग भरपाईच्या नादात आलेइक्स एस्पार्गारोला धडकला आणि शेवटी रॉसीला पाडले. तीस सेकंदांचा दंड होऊन तो पाचव्यावरून अठराव्या क्रमांकावर गेला. शर्यत संपल्यावर माफी मागायला यामाहाच्या दारात गेला, तर त्याला बाहेरूनच परत पाठवण्यात आले. माफी मागायला जाणे चांगले. पण माफीची पाळी रोज यायला लागली, की ती माफी उरत नाही, हप्ता होतो.

आणि थोरांच्या अंगणात जे चालते ते पोरांच्या अंगणात पोहोचतेच. ९ सप्टेंबर २०१८, मिसानो. मधल्या वर्गात रोमानो फेनाती या तरुणाने ताशी दोनशेहून अधिक वेगात, सरळ रस्त्यावर, शेजारच्या स्तेफानो मान्झीच्या पुढच्या ब्रेकच्या दांडीवर हात घातला. पंचांनी दोन शर्यतींची बंदी दिली. संघाने त्याला काढून टाकले तेव्हा महासंघाला जाग आली आणि वर्षअखेरपर्यंत परवाना थांबला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथे सर्वांत लहान वर्गात डेनिझ ऑन्जूने भर वेगात रेषा बदलली आणि मागचे तिघे एकमेकांवर आदळून उडाले. दैव बलवत्तर म्हणून जिवावर बेतले नाही. त्याला दोन शर्यतींची बंदी झाली. या दोन्ही बंद्या मला कमी वाटतात. पण या मुलांना घडवले कोणी? त्यांच्या खोल्यांच्या भिंतींवर कोणाची चित्रे होती?

येथे कोणी म्हणेल, सर, तुम्ही उगाच बाऊ करता, पडले तर पडले, उठून कपडे झटकतात. नाही हो. मोटरीच्या शर्यतीत स्वाराभोवती पिंजरा असतो. इथे चामडी अंगरखा आणि शिरस्त्राण, एवढेच. खरी भीती पडण्याची नसते, मागून येणाऱ्यांची असते. २०१० साली मिसानोला जपानचा शोया तोमिझावा असाच गेला. २३ ऑक्टोबर २०११ रोजी चोवीस वर्षांचा मार्को सिमोन्चेल्ली घसरला आणि मागून येणारी दोन वाहने त्याच्यावर आदळली. त्यांतले एक त्याचा जिवलग मित्र रॉसी याचे होते. रॉसीचा त्यात तिळमात्र दोष नव्हता, ते टाळणे माणसाच्या हातात नव्हते. पण ते मैदान कोणते होते? सेपांग. तेच सेपांग! चार वर्षांनी, त्याच मैदानावर, त्याच महिन्यात, त्याच माणसाने जाणूनबुजून दुसऱ्याला वळणाबाहेर रेटले. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. द्वेष माणसाला आपल्याच मित्राचे मरण विसरायला लावतो.

२०२१ साली स्पेनमध्ये दोन महिन्यांच्या अंतराने दोन मुले शर्यतीत गेली. एक चौदा वर्षांचे, दुसरे पंधरा वर्षांचे. म्हणजे माझ्या नववी-दहावीतली. त्यानंतर जागतिक स्पर्धेसाठी किमान वय सर्वसाधारणपणे अठरा ठरवण्यात आले, ते २०२३ पासून. त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या राज्याच्या राजधानीतला, बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा चेन्नईजवळच्या मैदानावर शर्यतीत पडून गेला. पुढच्याच महिन्यात ग्रेटर नोएडात भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत थाटात झाली. या मुलांच्या मरणाला कोणाचा खोडसाळपणा कारणीभूत होता, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की जिथे नुसत्या चुकीची किंमत एवढी आहे, तिथे मुद्दाम केलेल्या आगळिकीला 'चालतंयच की' म्हणणाऱ्याने आधी त्या घरांत जाऊन यावे.

दुसरा युक्तिवाद असा, की वैराशिवाय खेळाला रंग नाही, वैरामुळेच तिकिटे खपतात. आम्हाला हे कोणी शिकवावे? बेळगाव-कोल्हापूरच्या कुस्त्यांची मैदाने वैरावरच भरत आली आहेत. दोन तालमींची पिढ्यान्‌पिढ्या ईर्षा, गावेच्या गावे ट्रक भरून येतात. पण एखाद्याने बोटे मोडायला घेतली, डोळ्यात माती घातली, तर पंच कुस्ती सोडवतो आणि त्याचाच वस्ताद त्याला चारचौघांत खडसावतो. ईर्षा मैदान भरवते, नियम मैदान टिकवतो.

तिसरा युक्तिवाद जास्त कठीण आहे आणि तो मी टाळणार नाही. नियमाच्या अक्षराला न मोडता दुसऱ्याचा छळ करणाऱ्या मार्केझसारख्याचे काय करायचे? याचे उत्तर नियमाच्या पुस्तकात नाही. स्वाराने जबाबदारीने, इतरांना धोका होणार नाही अशा रीतीने चालवावे, एवढाच त्या पुस्तकाचा अर्थ. मनातले विष मोजण्याचे माप त्यात कुठून असणार? वर्गातही असे एक मूल असते. ते कधी सापडत नाही, शेजारच्याला चिमटे काढते आणि शेजारचा ओरडला की तोच उभा राहतो. अशा मुलावर नजर ठेवावी, त्याला बाजूला घेऊन बोलावे. पण म्हणून शेजाऱ्याने कंपास खुपसला तर त्याला मोकळे सोडता येत नाही. चिमटा हे कारण असते, परवाना नव्हे.

सुधारणा झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ पासून निवाड्यासाठी वेगळे पंचमंडळ आले, पुढे दंडगुणांची चोपडी मोडीत निघाली, २०१९ पासून लांबच्या वाटेने जाण्याची शिक्षा चालू शर्यतीतच देण्याची सोय झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडोनेशियात मार्को बेझेकीने मागून धडक दिली आणि मार्केझच्या खांद्याला दुखापत झाली. मार्केझ आठवडाभरापूर्वीच पुन्हा जगज्जेता झाला होता, आणि बेझेकी रॉसीचा शिष्य. जुने वैर पेटवायला याहून चांगली काडी मिळाली नसती. पण बेझेकीने माफी मागितली, पुढच्या शर्यतीत लांबच्या वाटेची दुहेरी शिक्षा भोगली आणि तरी तिसरा आला. वैर पेटले नाही. शिक्षा स्पष्ट असली, की राग धरायला जागा उरत नाही. सेपांगला हेच हवे होते.

म्हणून माझे म्हणणे तीन वाक्यांत. शिक्षा पडण्याला नव्हे, कृतीला द्या. प्रतिस्पर्धी वाचला, हे अपराध्याचे पुण्य नव्हे. शिक्षा त्याच दिवशी, त्याच मैदानावर द्या. आणि नऊ वेळच्या जगज्जेत्याला नवख्यापेक्षा कणभरही कमी देऊ नका. द्यायचीच तर जास्त द्या, कारण त्याच्या मागे हजार पोरे चालत असतात.

हे लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझ्याच अपराधाने दिला, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवा असताना, तालुका क्रीडास्पर्धेत आठशे मीटरच्या शर्यतीला वळणावर पंच म्हणून उभा होतो. हातात लाल झेंडा. दुसऱ्या फेरीत आमच्या शाळेच्या हुकमी मुलाने शेजारच्या अनवाणी धावणाऱ्या खेड्यातल्या मुलाला कोपर मारले. मुलगा खडीवर पडला, गुडघा फुटला. हे माझ्यापासून चार हातांवर घडले. मुख्य पंचांनी माझ्याकडे पाहिले. ढाल आमच्या शाळेला मिळायची होती. मी झेंडा खालीच ठेवला आणि म्हणालो, "शर्यतीत एवढं होतंच." त्या पडलेल्या मुलाचे नावसुद्धा मी विचारले नाही.

महिन्याने जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या मुलाने तेच केले. तिथल्या पंचाने त्याला बाद केले. तो रडत माझ्याकडे आला आणि जे म्हणाला, ते मला आजही झोपेतून उठवते: "सर, तालुक्याला चाललं होतं की!"

त्या पोराला मी काय उत्तर देणार? काळाला मीच दार उघडून दिले होते.

४६ आणि ९३ वाल्यांना मी शिक्षा दिली. दोघांनी मिळून तो बाक घासून पॉलिश केला. हिवाळ्यात आमच्या क्रीडास्पर्धा आहेत. दोन वळणांवर तेच दोघे लाल झेंडे घेऊन उभे राहतील. त्यांना मी एकच गोष्ट बजावली आहे: झेंडा उचलायची वेळ आली, तर आधी आपल्या जिवलग मित्राकडे पाहा, आणि चूक त्याची असेल, तर हात जास्त उंच करा.